ख्रिस्ती असून

सत्काराला शाल पडली, नारळ हातात आला, की कुणीतरी माईक पुढे सरकवून म्हणतोच, "आता ते वाक्य होऊन जाऊ दे." मी रंगभूमीवर किल्लेदार केले, दिवाण केले, एक आंधळा शाहीर केला. त्यांतलं कुणाला काही आठवत नाही. आठवतं ते एवढंच: "माझा बायको कुठे गेला, मॅन?" मी म्हणतो, लोक हसतात, मग चहा येतो.

या वाक्याच्या पुष्कळ आधी वडिलांनी मला ण शिकवला. तिथूनच सांगायला हवं.

आमचं गाव वसईजवळचं गास. घरची भातशेती, थोडी केळी, आणि वडील मराठी शाळेत मास्तर. आम्ही ख्रिस्ती. चर्चला आम्ही देऊळ म्हणतो, आणि प्रार्थनेपासून भांडणापर्यंत आमचं सगळं मराठीतच चालतं. फक्त ती आमची मराठी. पाण्याला पानी, कोणला कोन. आई शेवटपर्यंत पानीच म्हणाली आणि वडिलांनी तिला एकदाही टोकलं नाही. तो सगळा हिशेब माझ्याशी. रोज संध्याकाळी विहिरीच्या काठावर ओणवं उभं करायचे आणि आत बोलायला लावायचे: बाण, वेणी, कोण, पाणी. आतून आवाज परत यायचा. ण ऐवजी न परत आला की म्हणायचे, "विहीर कुणाचं तोंड बघून बोलत नाही. पुन्हा." मला त्यांचा मनस्वी राग यायचा. पण ण आला.

त्यांना हे वेड कशामुळे लागलं, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. शाळा तपासायला साहेब आले होते. वडिलांनी कविता शिकवली, साहेब खूश झाले आणि जाताना म्हणाले, "वा मास्तर, ख्रिस्ती असून मराठी झकास बोलता हो." वडिलांनी हात जोडले. साहेबांचा टांगा दिसेनासा झाल्यावर त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत एकच शब्द लिहिला: असून. "याचा अर्थ कोण सांगेल?" मग त्यांनी तो पुसला, आणि पुसून झाल्यावरही बराच वेळ फळा पुसत राहिले.

लढाईच्या दिवसांत मी मुंबईला एका कचेरीत चिकटलो आणि तिथून नाटक मंडळीत शिरलो. मालकांना माझं बोलणं आवडलं. आडनाव मात्र हँडबिलात मावेना. तीन अक्षरांचं आडनाव, पण मावेना. मला समजायचं ते समजलं. वडिलांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "नाव नको तर नको. भाषा आपली आहे ना?"

एकदा ते नाटकाला आले, देवळात जायचा काळा कोट घालून. खेळ संपल्यावर रंगपटात आले तेव्हा एक वयस्क बाई माझं कौतुक करत उभ्या होत्या. "किती शुद्ध वाणी! कुठले हो तुम्ही? पुण्याचे का?" मी काही बोलायच्या आत वडील म्हणाले, "वसईकडचा. माझा मुलगा आहे. आम्ही ख्रिस्ती." बाई नुसत्या "अगबाई" म्हणाल्या आणि पदर सावरत निघून गेल्या. वडील त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. मला म्हणाले, "तिसऱ्या अंकात 'प्राण'चा ण छान आला." त्यांच्या तोंडून याहून मोठी शाबासकी मी कधी ऐकली नाही, आणि त्यांना त्या दिवसाएवढं सुखी कधी पाहिलं नाही.

मग सिनेमा आला. पन्नास सालानंतरची गोष्ट. एका दिग्दर्शकाने माझा किल्लेदार पाहिला होता. एका कीर्तनकाराच्या कामासाठी त्याने मला बोलावलं, दोन पानं वाचून घेतली, मान डोलावली, आणि लिहून घ्यायला पूर्ण नाव विचारलं. मी सांगितलं. त्याने पेन खाली ठेवलं.

"अहो, आधी नाही का सांगायचं? तुमच्यासाठी फक्कड काम आहे!"

काम एका दारुड्या ख्रिस्ती शेजाऱ्याचं होतं. गळ्यात क्रूस, डोक्यावर वाकडी हॅट आणि तोंडात असली मराठी, की शाळेतल्या पोरालाही छडी बसावी. मी म्हणालो, "साहेब, आमच्याकडे असं कुणी बोलत नाही. आम्ही घरात मराठीच बोलतो."

"तुमच्याकडे कसं बोलतात ते कुणाला ऐकायचंय? लोकांना ख्रिश्चन कसा बोलतो ते ऐकायचंय."

मी उठायला हवं होतं. पोटासाठी केलं असं आता म्हणता येईल, पण ते खोटं आहे. कचेरीची नोकरी होतीच. मला पडद्यावर दिसायचं होतं. आमच्या गावाजवळच्या निर्मळच्या जत्रेत तंबूतला सिनेमा येतो, तिथं आपलं थोबाड एवढं मोठं दिसावं, गावाने बघावं, या हावेपायी मी हो म्हणालो. आणि केलं तेही मन लावून. 'माझी' म्हणायच्या जागी 'माझा' म्हणताना जीभ अडखळायची, म्हणून आरशासमोर उभा राहून पाठ केलं. वडिलांनी जे शिकवायला वर्षं घालवली, ते मी आठवड्यात पुसलं.

हाव पुरी झाली. त्याच वर्षी तो सिनेमा निर्मळच्या जत्रेत लागला. मी आईवडिलांना घेऊन गेलो. आई लाल लुगडं नेसून बायकांच्या बाजूला बसली, वडील काळा कोट घालून माझ्या शेजारी. मी पडद्यावर आलो तशी शिट्टी वाजली. बायको सोडून गेल्याचा प्रवेश होता. मी हॅट काढली, झोकांड्या खात म्हणालो, "माझा बायको कुठे गेला, मॅन?" तंबू हसून फुटायचा राहिला. आमच्या गावचे लोकही हसत होते, हे मला अजून खुपतं. पुढच्या रांगेतला एक जण शेजाऱ्याला म्हणाला, "ही लोकं अशीच बोलतात." वडिलांनी ते ऐकलं. शेवटपर्यंत सिनेमा पाहिला.

घरी परतताना आईने विचारलं, "आपल्यात असं कोन बोलतं रे?" मी म्हणालो, "कुणी नाही, आई. गंमत असते ती." ती थोडं चालली आणि म्हणाली, "जाऊ दे. हसतील त्याचे दात दिसतील." माझी समजूत काढायची होती तिला. वडील दहा पावलं पुढे चालत होते.

त्या दिवसापासून त्यांनी माझ्याशी बोलणं तोडलं नाही, कमी केलं. आलास, बस, जेव. पूर्वी माझी पत्रं ते लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवायचे. तेही बंद झालं. माझं शुद्धलेखन सुधारलं असेल अशी मी स्वतःची समजूत घातली.

पुढच्या उपासकाळात, ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, मुंबईच्या पत्त्यावर एक कार्ड आलं. वडिलांचं वळणदार अक्षर, मोत्यासारखं. मजकूर तीन शब्दांचा होता: "तुझा आई गेला."

आई गेल्याचं आधी कळलंच नाही. आधी वाक्यातल्या चुका दिसल्या.

गावी पोचलो तेव्हा मातीला दोन दिवस होऊन गेले होते. शेजारच्या काकींनी सांगितलं, सगळे तार कर म्हणत होते, पण मास्तरांनी कुणाला करू दिली नाही. वडील ओटीवर बसले होते. मी त्यांच्या पायांशी बसून रडलो. मग राग आला आणि म्हणालो, "बाबा, तार का नाही केलीत? आणि हे काय लिहिलंत? माझ्या आईबद्दल असं लिहवलं तरी कसं तुम्हाला?"

ते माझ्याकडे बघत होते. आवाज अजिबात चढला नाही.

"तुला समजेल अशा मराठीत लिहिलं," ते म्हणाले.

मी पुढे तसल्या पुष्कळ भूमिका केल्या. दिग्दर्शक म्हणतात, याला कधी दुसरा टेक लागत नाही. खरं आहे ते. जिथे चुकायचं तिथे मी बरोबर चुकतो.