पाचवा दिवा

माझं शेवटचं पोस्टिंग पुण्यात होतं, आर्मी सिग्नल्सच्या टेलिफोन एक्स्चेंजवर. मी नाईक होतो. बॅटरी रूम हवालदार रियाझ शेख यांच्याकडे होती. ते मूळचे पुण्याचेच, घर भवानी पेठेत. काम मी त्यांच्याच हाताखाली शिकलो, म्हणून त्यांना उस्ताद म्हणायचो.

चार्जरचं पॅनल बॅटरी रूमच्या बाहेर, माझ्या टेबलाशेजारी होतं. वर दोन मीटर, खाली लाल दिव्यांची रांग. पहिला दिवा मेन्स फेलचा, म्हणजे लाइट गेल्याचा; पाचवा एक्झॉस्ट फेलचा, म्हणजे बॅटरी रूमचा पंखा बंद असल्याचा. बिघाड झाला की त्याचा दिवा लागतो आणि हूटर वाजतो. ‘ॲक्सेप्ट’ दाबलं की हूटर बंद होतो. बिघाड तसाच राहतो, दिवाही तसाच राहतो. बॅटऱ्या जोरात चार्ज होत असताना त्यातून हायड्रोजन निघतो, ठिणगीने पेटणारा, आणि तो पंख्यानेच बाहेर काढावा लागतो, म्हणून पाचवा दिवा महत्त्वाचा. तोंडपाठ होतं हे सगळं.

त्या आठवड्यात शेजारच्या रस्त्यावर खोदकाम चालू होतं. लाइट दिवसातून सहा-सात वेळा जायची. प्रत्येक वेळी हूटर. आम्ही सगळेच जाता-येता ॲक्सेप्ट दाबायचो. दिवा कुठला, ते कोणी बघत नव्हतं. उस्ताद एकदा म्हणाले होते, “जाधव, दारावरची बेल बंद करून पाहुणा जात नसतो.” आम्ही हसलो होतो.

त्या दिवशी १०४० वाजता लाइट गेली, ११०५ ला आली. चार्जर आपोआप बूस्टवर गेला, म्हणजे जोरात चार्ज करू लागला. पंखा मात्र आपोआप सुरू होत नाही. त्याचं हिरवं बटण माझ्या हाताशीच होतं, ते दाबावं लागतं. हूटर वाजला तेव्हा मी फोनवर होतो. सुभेदारसाहेब एक लाइन मागत होते. न बघता ॲक्सेप्ट दाबलं.

११५० ला उस्ताद एकेका सेलचं ॲसिड तपासायला हायड्रोमीटर घेऊन आत गेले. मी बाराची रीडिंग्ज लिहायला पॅनलसमोर उभा राहिलो. पाचवा दिवा लागलेला होता. पाऊण तास झाला होता.

मी चार्जर बंद केला. पंख्याचं बटण दाबलं, पंखा सुरू झाला नाही. बॅटरी रूमच्या दारात गेलो.

“उस्ताद, बाहेर या.”

“येतो. दोन सेल राहिलेत.”

“लगेच या.”

“आलोच रे.”

कारण मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर चूक कोणाची, तेही सांगावं लागलं असतं. ते बाहेर आल्यावर सावकाश सांगू, असा विचार केला. एवढा विचार करायला मला वेळ मिळाला, हे मी विसरत नाही.

११५४. एका सेलची जोडपट्टी सैल होती. तिला धक्का लागून ठिणगी उडाली, असं नंतर कोर्ट ऑफ इन्क्वायरीत निघालं. मी दारातून मागे फेकला गेलो. आत शिरलो तेव्हा सगळीकडे ॲसिड होतं. उस्तादांना बाहेर काढलं, अंगावर बादल्यांनी पाणी ओतलं. १२१० ला ॲम्ब्युलन्स निघाली. वाटेतच ते गेले.

इन्क्वायरीत मी सगळं सांगितलं. शिक्षा झाली, ती योग्य होती. आता मी वाघोलीच्या एका गोदामात फोर्कलिफ्टच्या बॅटऱ्यांचं काम बघतो. नव्या ऑपरेटरला पहिल्या दिवशी ही सगळी गोष्ट सांगतो.

चाळिसाव्या दिवसानंतर उस्तादांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नीने, भाभींनी विचारलं, शेवटी काय बोलले? मी सांगितलं, येतो म्हणाले, दोन सेल राहिलेत.

“जेवायला हाक मारली की असंच म्हणायचे,” त्या म्हणाल्या.

मग मी दिव्याचं सांगितलं, दारात काय बोललो नाही तेही सांगितलं. चहा गार झाला होता. कप उचलताना त्या म्हणाल्या, “भाऊ, हे एवढंच तुम्ही तेव्हा त्यांना सांगायला हवं होतं.”

हवालदार रियाझ शेख, सिग्नल्स. वय एकोणचाळीस. त्यांच्या नोंदवहीत शेवटच्या दोन सेलच्या रकान्यांत काही लिहिलेलं नाही.