तिसऱ्या साइडिंगची लाल वायर

१२ डिसेंबर, शुक्रवार. सुट्टी होती. छोट्या रेल्वेची एक साइडिंग दुरुस्त करायला बसले.

त्या रेल्वेला खेळणं म्हटलेलं नवऱ्याला चालायचं नाही. कतारमधल्या, अल वक्र्यातल्या आमच्या फ्लॅटची मागची खोली त्याने रूळ, पूल आणि स्टेशनांनी भरून टाकली होती. ऑक्टोबरमध्ये तो गेला. मला आता लहान घरात जायचं आहे, म्हणून ती सगळी मांडणी उम्म सलालच्या एका गृहस्थांना द्यायचं ठरवलं. ते शनिवारी सकाळी येणार होते. गाड्या उभ्या करायच्या तीन साइडिंगांपैकी दोन चालत होत्या. तिसरीचं बटण दाबलं की कंट्रोलरचा धोक्याचा दिवा लागून सगळंच बंद पडायचं. बिघडलेली वस्तू मी कोणाला देत नाही.

ही साइडिंग आम्ही मार्चमध्ये, रमजानात जोडली होती. तेव्हा त्याचं ऑफिस लवकर सुटायचं. तो वर रुळांना वायरी सोल्डर करून भोकातून खाली सोडायचा. मी फळीखाली उताणी पडून त्या बटणाला जोडायचे.

"लाल आली?"

"आली. काळी सोड."

बाहेरच्या रुळाला लाल, आतल्याला काळी. आधी गाडी चालवून बघायची, मगच खडी चिकटवायची. नियम त्याचेच.

त्या दिवशी दिवा लागला. "कंट्रोलर गेला वाटतं," तो म्हणाला.

"प्लँटवरही असंच जोडतोस का रे? मग अख्ख्या कतारने जपून राहायला हवं."

तो हसला. "खलास. उद्या बघू." पुन्हा त्याने त्या साइडिंगला हात लावला नाही.

मी पाणी आणि जुना टूथब्रश घेऊन खडी सोडवली. लाल वायर आतल्या रुळाला होती, काळी बाहेरच्या. आणि त्यावर चाचणीआधीच खडी चिकटवलेली. पंचवीस वर्षं प्लँटमधली विजेची पॅनेलं जोडणारा माणूस.

ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी विचारलं होतं, त्रास कधीपासून? मी ठामपणे सांगितलं, जुलैपासून. जुलैत त्याच्या हातातून कप पडला होता. डोक्यातली गाठ तोवर काढण्यापलीकडे गेली होती. पुण्यात नोकरी करणारी आमची मुलगी अजून मधूनच विचारते, "आई, आधी काहीच दिसलं नव्हतं?" मी नाही म्हणते.

दिसलं होतं. मी त्यावर विनोद केला होता.

वायरी सोडवून अदलाबदल केली. इंजिन तिसऱ्या साइडिंगवर गेलं, थांबलं, पुन्हा निघालं.

सकाळी त्या गृहस्थांनी विचारलं, "मॅडम, तीनों चलती हैं?" "चलती हैं," म्हटलं आणि चालवून दाखवल्या. त्यांची पिकअप गेल्यावर खोली झाडून घेतली. मग मुलीला फोन लावला आणि मार्चमधल्या लाल वायरचं सगळं सांगितलं.