चार माणसांत कूस

‘बेडसोअर, स्टेज फोर,’ धुळ्याच्या डॉक्टरांनी सुमनच्या कमरेवरची पट्टी उचलून सांगितलं. एकाच अंगावर पडून राहिल्यानं कातडी आणि मांस सडतं, त्याला बेडसोअर म्हणतात. चौथी पायरी म्हणजे जखम हाडाला भिडली. मी समजत होतो, मी बायकोची सेवा करतोय.

त्याच्या दोन महिने आधी तिला स्ट्रोक झाला, म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा तुटला. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. अठरा दिवसांनी घरी सोडलं. नरडाण्याजवळच्या आमच्या गावात सरकारी घरभेट पथकाची सिस्टर आली. दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, ते तिनं करून दाखवलं. ‘दोन माणसं लागतात, नाना. मी आठवड्यानं येते,’ म्हणाली.

ती आली नाही. पथकात तीन जागा, दोन रिकाम्या. उरली ही एकटी, आणि तिच्याच गळ्यात शेजारचा तालुकाही बांधलेला. फोनवर रडकुंडीला यायची. तिच्यावर काय चिडायचं? रोजानं बाई ठेवावी म्हटलं, तर हागणं-मुतणं काढायला कुणी तयार होईना.

करणारा मी एकटा, बघणारे मात्र ढीगभर. आमच्याकडे आजारी माणसाला बघायला अख्खं गाव येतं. चहा होतो, दोन-दोन तास बैठक जमते. मी सुमनला दाराकडे तोंड करून उताणी ठेवायचो, डोक्यावर पदर घालून. चारचौघांत बायकोच्या कमरेखाली हात घालायची मला लाज वाटायची. एकदा धीर केला, तर शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘नाना, तिले हालाडू नको. आराम करू दे!’ मला तेवढंच निमित्त हवं होतं.

लोक बसलेले असले की सुमन डाव्या हातानं माझा सदरा ओढायची. मला वाटे, माणसं पाहून तिला भरून येतंय. ‘रडू नको,’ म्हणायचो. ती कूस मागत होती.

वास यायला लागला तेव्हा मी उदबत्त्या लावल्या. गाढवपणाला औषध नाही. दीड महिन्यानं सिस्टर आली, तिनं लुगडं सरकवलं आणि जखमेवर पट्टी बांधली. धुळ्याला न्यायला गाडीही तिनंच मिळवली.

नवव्या दिवशी सुमन गेली. ‘सेप्सिस,’ डॉक्टर म्हणाले. म्हणजे जखमेतले जंतू रक्तात पसरले. मला समजेल असं सांगताना त्यांनी माझा हात धरला होता, ते उपकार मी विसरणार नाही.

ज्यांच्यावर ही वेळ येईल, त्यांना सांगतो. रिकाम्या जागा भरा म्हणून सरकारशी जरूर भांडा. पण तोवर बघायला आलेल्याला आधी हात लावायला सांगा, चहा मग.

परवा गावातच एक म्हातारा अंथरुणाला खिळलाय म्हणून बघायला गेलो. घर माणसांनी भरलेलं, आणि तो दाराकडे तोंड करून उताणा. सुनेनं पाणी पुढे केलं, ‘नाना, बसा ना.’ मी बाह्या वर सारल्या.

‘लाज बाजूला ऱ्हाऊ दे, माय. तू पाय धर.’

दोघांनी मिळून त्याला कुशीवर घेतलं. त्यानं लांब सुस्कारा सोडला, आणि मला तिथंच, चार माणसांत, रडू फुटलं.