दारात बसलेला सरकारी माणूस

चौऱ्याऐंशीच्या होळीआधीची संत्र्याची तोड : कादंबरीचे पहिले वाचन. पंच्याऐंशीचा पोळा : शेवटचे प्रकरण आमच्याकडील एका मंडळाच्या स्मरणिका समितीच्या स्वाधीन. त्याच वर्षीची दिवाळी : सदर प्रकरण छापून प्रसिद्ध, परंतु जन्मदात्यालाही ओळखू येऊ नये अशा अवस्थेत. जबाबदार व्यक्ती तीन. ज्यांनी प्रकरण गोड बोलून मागून नेले ते अध्यक्ष, ज्यांनी त्यावर कात्री आणि लेखणी दोन्ही चालवली ते संपादक, आणि ‘आमच्याकडे जे येते ते आम्ही छापतो’ असे मला तोंडावर सांगणारे मुद्रक. या तिघांना मी वेळोवेळी रजिस्टर्ड पत्रे पाठवली. पोचपावत्या आल्या, उत्तर आले नाही. फिर्याद ज्यांची, ते माझे साडभाऊ आता हयात नाहीत. म्हणून त्यांच्या वतीने हे जाहीर निवेदन.

माझे साडभाऊ, म्हणजे माझ्या पत्नीच्या थोरल्या बहिणीचे यजमान, यांच्याइतका सरकारला घाबरणारा माणूस उभ्या छिंदवाडा जिल्ह्यात झाला नाही, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो. सौसरच्या शिवारात त्यांचा संत्र्याचा लहानसा बगीचा होता. कोणाचे देणे नाही, कोणावर दावा नाही, आयुष्यात एकदाही पोलीस ठाण्याची पायरी चढलेली नाही. तरीही सरकारची नजर अहोरात्र आपल्यावर रोखलेली आहे अशी त्यांची खात्री होती. घरातला रेडिओ ते ऐकत, पण ऐकून झाला की त्याच्यावर गोधडी टाकत. जे यंत्र इतके बोलते ते अधूनमधून ऐकतही असणार, असा त्यांचा तर्क होता. बातम्या देणारा मध्येच श्वास घ्यायला थांबला की ते ओठांवर बोट ठेवून आम्हा सर्वांना गप्प करत. महत्त्वाचे बोलायचे असले की हाताला धरून बगीच्याच्या मधोमध नेत आणि तेथे पोहोचल्यावर सांगत, की यंदा मिरची चांगली आली आहे. माणसाचे नाव तर ते कधीच घेत नसत. उच्चारलेले नाव कुठेतरी नोंदले जाते, असे त्यांचे मत होते. मला ते ‘पांढुर्णेकर’ म्हणत आणि रागात असले की ‘वकीलसाहेब’, कारण मी वकिलीची परीक्षा दिली नाही हे त्यांना चांगले ठाऊक होते. त्यांच्या तत्त्वाचा मान राखून या निवेदनात मीही कोणाचे नाव घेतलेले नाही.

जनगणनेच्या वेळची गोष्ट मला आजही जशीच्या तशी आठवते, कारण त्या दिवशी मी त्यांच्याच ओसरीवर बसलो होतो. गणनेला आलेल्या मास्तरांनी कागद उघडून त्यांचे नाव विचारले. साडभाऊंनी उलटतपासणी सुरू केली. “सरकारले आमचं नाव माहीत नाही?” मास्तर म्हणाले, “असंन माहीत.” “माहीत आहे तं पुसता कायले? अन् माहीतच नसंन, तं मंग सरकार कायचं?” मास्तर बिचारे घाम पुसू लागले. तेवढ्यात आतून माझ्या मेहुणीबाईंचा खणखणीत आवाज आला, “मास्तर, लिहा मी सांगतो ते. नाव लिहा, वय साठ लिहा, अन् चहात चार चमचे साखर घेते हेही लिहा. सरकार तरी समजावंन त्याहिले!” मास्तरांनी चहा घेतला, सगळे रकाने भरले आणि निघून गेले. साडभाऊ मला बगीच्याच्या मधोमध घेऊन गेले आणि खालच्या आवाजात म्हणाले, “पाहिलं ना, पांढुर्णेकर? बाहेरच्यापेक्षा घरातलं खुफिया खातं जास्त खतरनाक हाये.”

त्या खात्याचा कारभार खरोखरच कडक होता. साडभाऊ फाटकातून आत आले की मेहुणीबाई हातातले काम न सोडता तीन प्रश्न विचारत : “कुठी गेल्ते? कोन भेटलं? काई खाल्लं का नाई?” उत्तर दिल्याशिवाय पाय धुवायला पाणी मिळत नसे. लोधीखेड्याच्या बाजारात त्यांनी चोरून भजी खाल्ली तर ती बातमी त्यांच्या आधी घरी पोहोचलेली असे. “माह्या भज्यावर पाळत हाये, वकीलसाहेब,” ते माझ्याकडे दाद मागत, “याच्यावर तुमच्या कायद्यात काई कलम नाई का?” मी सांगत असे, की पती-पत्नीमधील बाबतीत न्यायालये सहसा हात घालत नाहीत. पुढे ब्याऐंशीत मेहुणीबाई थोड्याशा आजाराने गेल्या. साडभाऊ रडले नाहीत. दिवस उरकल्यावर त्यांनी रेडिओवरची गोधडी काढून घडी करून ठेवली. तो आता रात्रंदिवस उघडाच राहू लागला. मला ते विचित्र वाटले, पण त्याचा अर्थ तेव्हा लागला नाही.

वर्षभराने त्यांनी कादंबरी लिहायला घेतली. नाव ‘बिनदाराचे गाव’. कल्पना अशी, की एक सरकार एका रात्रीत गावातील सर्व घरांची दारे काढून नेते आणि प्रत्येक उंबरठ्यावर एक ‘पाहणारा’ बसवते. घरात कोण काय बोलले, काय शिजले, कोण कोणाकडे पाहून हसले, हे सारे पाहणाऱ्याने रोज वर कळवायचे. वाचणाऱ्याच्या अंगावर काटा यावा आणि त्याने घरी जाऊन रेडिओ झाकावा, हा लेखकाचा घोषित हेतू होता. वाचनासाठी त्यांनी संत्र्याच्या तोडीचे दिवस निवडले. तेव्हा बाया ढिगाभोवती बसून संत्री निवडतात, तनीस म्हणजे वाळलेला पेंढा घालून लाकडी पेट्या भरतात. हात गुंतलेले असतात, उठून जाता येत नाही. असा श्रोतृवर्ग कोणत्या लेखकाला मिळतो? माझी पत्नीही बहिणीमागे घराला हात लावायला म्हणून तेथे जाऊन बसली होती, आणि मी ऐनवेळी एखादा कायद्याचा मुद्दा निघालाच तर असावे म्हणून.

साडभाऊंनी पहिले प्रकरण भरदार आवाजात वाचले. दारे गेली, पाहणारे बसले. ढिगाभोवती एकही बाई घाबरली नाही. उलट त्यांच्यातली म्होरकी संत्रे हातात घोळवत म्हणाली, “भाऊ, थो मानूस सकायपासून दारात बसून राहिला, त्याले चहा कोनं देल्ला?”

“चहा नाई देत त्याले. तो सरकारचा जासूस हाये.”

“असू द्या ना. जासूसाले काय पोट नसते?”

“बाई, हे भ्याची कादंबरी होऊन राहिली!”

“भेवाचं काय त्याच्यात? आमच्या घराले तं दार नाईच, गोणपाटाचा बोरा टांगला हाये. अन् दारात आलेल्याले चहा नाई पुसला, तं त्या घरचे लोकं कसे म्हनाचे?”

सगळ्या बाया एका सुरात चहाच्या बाजूने उभ्या राहिल्या. संतापलेल्या साडभाऊंनी कागद गुंडाळले आणि माझ्याकडे पाहिले. मी निकाल दिला, की लेखकाला श्रोत्यांची हरकत फेटाळण्याचा पूर्ण अधिकार आहे. त्यांनी ती फेटाळली. परंतु दुसऱ्या दिवशीच्या प्रकरणात, एका कोपऱ्यात, कोणाच्या लक्षात येऊ नये अशा बेताने, पाहणाऱ्याला अर्धा कप चहा मिळाला होता. बायांनी पेट्या वाजवल्या. मग कादंबरी लेखकाच्या ताब्यात राहिली नाही. पाहणाऱ्याला ऊन लागले म्हणून सावलीत सरकवण्यात आले. त्याला खोकला झाला, तर अडुळशाचा काढा मिळाला. एका लग्नात त्याला पंगतीला बसवले, आणि त्याने कढी दोनदा मागितल्याचे स्वतःच वर कळवले.

आणखी एक गोष्ट हळूहळू घडत होती, ती माझ्यासारख्या शब्दाशब्दावर बोट ठेवणाऱ्याच्याही ध्यानात आली नाही. पहिल्या प्रकरणात पाहणारा सरकारी हिंदीत दरडावत असे, “कहाँ गए थे? किससे मिले?” आपल्याकडे सरकार हिंदीतच बोलते, त्यामुळे ते योग्यच होते. पुढे तो हिंदीत मराठी मिसळू लागला, आणि तोड संपता संपता तर शुद्ध सौसरचे बोलू लागला. शेवटच्या दिवशी साडभाऊ वाचत होते. नायक दिवस बुडताना घरी येतो आणि पाहणारा मान वर न करता विचारतो, “कुठी गेल्ते? कोन भेटलं? काई खाल्लं का नाई?”

माझ्या पत्नीचे हात ढिगावरच थांबले. “भाऊजी,” ती म्हणाली, “हा कायचा सरकारी मानूस? हे तं माही मोठी बहीन हाये.”

साडभाऊंनी पुढची ओळ शोधल्यासारखे केले. मग चष्मा काढला आणि उठून बगीच्यात गेले. थोड्या वेळाने मीही तिकडे गेलो. ते आपल्या नेहमीच्या जागी, मधोमध उभे होते, पण या वेळी मिरचीबद्दल बोलले नाहीत. “पांढुर्णेकर, शेवटी त्या पाहणाऱ्याले हाकलून द्याचं, दारं परत आणाचे, असं मी पहिल्यापासून ठरोलं होतं. पण आता लिहाले बसलो का हात चालतच नाई. त्याले हाकललं, तं घरी आल्यावर मले पुसंन कोन?” याचे उत्तर कोणत्याच कायद्यात नाही.

अखेरीस त्यांनी शेवट लिहिला. सरकार पडते, दारे परत येतात, प्रत्येक जण आपापले दार लावून आत बसतो. नायक मात्र दार लावत नाही. रोज संध्याकाळी उंबरठ्यावर एक कप चहा ठेवतो आणि रिकाम्या जागेला सांगतो, की आज लोधीखेड्याच्या बाजारात गेलो होतो, भजी खाल्ली. इतकेच. हे प्रकरण समितीने नेले. छापून आले त्यात नायक पाहणाऱ्याला लाथ घालून बाहेर काढतो आणि चौकात स्वातंत्र्यावर दीड पान भाषण करतो. चहा नाही, भजी नाहीत, आणि पाहणारा पुन्हा कडक हिंदीत. साडभाऊंनी स्मरणिका माझ्यासमोर वाचली. ते चिडले नाहीत. “दुसऱ्यांदा गेली,” एवढेच म्हणाले आणि रेडिओ थोडा मोठा केला. त्यापुढे त्यांनी काही लिहिले नाही. सत्त्याऐंशीच्या हिवाळ्यात तेही गेले. मी पोहोचलो तेव्हा घराचे दार सताड उघडे होते आणि रेडिओ कोणासाठी तरी बोलत होता.

आता मीही सौसरहून परतताना बसमध्ये मनातल्या मनात उत्तरे जुळवतो, की कुठे गेलो होतो, कोण भेटले. सुदैवाने माझ्या घरी अजून विचारणारे माणूस आहे. म्हणूनच माझी मागणी लहान आहे. मूळ कागद परत करावेत, आणि अध्यक्षांनी व संपादकांनी, बंद पाकिटातून नव्हे, चारचौघांत उभे राहून, ज्या बायांनी पाहणाऱ्याला चहा पाजला त्यांच्यादेखत, एका प्रश्नाचे उत्तर द्यावे : त्या उंबरठ्यावरून तिला उठवण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?