जमुनाबाईंनी अवजारं परत मागितली नाहीत

धारच्या जमुनाबाई साळुंके दक्षिण सुदानला निघाल्या तेव्हा त्यांना त्रेपन्नावं लागलं होतं. पासपोर्ट नवा कोरा, इंग्रजी 'यस' आणि 'नो'पुरतं. थोरले भाऊ दत्ताजी तीन दिवस धड बोलले नाहीत. चौथ्या दिवशी जेवता जेवता म्हणाले, "तिथं गोळीबार चाललाय, कॉलरा पसरलाय. इथं नालछ्याकडे जाऊन हँडपंप उघडतेस, ते कमी पडलं का गं?"

"तिथंही हँडपंपच आहेत, दादा. आपल्याकडच्याच बनावटीचे. तोच दांडा, तीच साखळी. बंद पडलेत, म्हणून बायका दलदलीचं पाणी पितायत. मला ते उघडता येतात. मग जायला नको?"

दत्ताजींनी ताटातला हात काढून घेतला. जमुनाबाईंनी मात्र आणखी एक पोळी वाढून घेतली.

साळुंक्यांचे पूर्वज पवारांच्या फौजेबरोबर माळव्यात आले ते तोफखान्याचे लोहार म्हणून. घरात पिढ्यान्‌पिढ्या लोखंड, पण बाईनं भट्टीपाशी उभं राहायचं नाही असा रिवाज. जमुनाला देवासला दिलं. गावाला रेल्वेनं पाणी यायचं तो काळ. लग्नानंतरची पहिली वर्षं तिची टँकरच्या रांगेतच गेली. नवरा ट्रकच्या अपघातात गेला आणि ती धारला परत आली. त्याच सुमाराला नालछ्याला परदेशी मदतीतून बायकांसाठी हँडपंप दुरुस्तीचा वर्ग निघाला. शिकवायला आलेल्या मिस्त्रीनं तिच्याकडे पाहून विचारलं, "ये बाई पाना उठा भी लेगी?" तिनं पाना उचलला. पंपाचं झाकण काढलं, साखळी सोडवली आणि दांडा त्याच्या हातात दिला. पुढं तीस वर्षं त्या भागातल्या पाड्यांवर पंप बिघडला की लोक जमुनाबाईंनाच निरोप धाडत.

तेव्हा २०२४च्या नोव्हेंबरात एका मदतसंस्थेनं त्यांना बोलावलं, ते उगाच नव्हे. बारा वस्त्यांमधल्या चोवीस बायकांना दुरुस्ती शिकवायची होती. पंप दुरुस्त केला की गावानं त्या बाईला मेहनताना द्यायचा. म्हणजे पाणीही चालू आणि बाईच्या हाताला कामही.

प्रकल्पाचा प्रमुख रणवीर हा दिल्लीचा तरुण इंजिनियर. जमुनाबाईंची हिंदी तो इंग्रजीत सांगायचा आणि गावातली एक शिक्षिका ती दिन्का भाषेत सांगायची. या खटाटोपात एक नट फिरवायला पाऊण तास लागला. दोन आठवड्यांत जमुनाबाईंनी दोघांनाही सावलीत बसवून ठेवलं. स्वतः करून दाखवायचं आणि समोरचीकडून करून घ्यायचं, एवढीच भाषा उरली.

चोवीस जणींत आचोल नावाची एक उंच, अबोल बाई होती. लढाईत नवरा गेलेला, पदरात दोन मुली. पहिल्याच दिवशी तिनं लोखंडी नळाची दहाफुटी लांबी एकटीनं खांद्यावर घेतली आणि 'आता कुठं ठेवू?' अशा नजरेनं जमुनाबाईंकडे पाहिलं. त्या दिवसापासून दोघींची जोडी जमली.

जानेवारीअखेर प्रत्येक गावातल्या दोघींच्या जोडीला अवजारांची एकेक पेटी दिली गेली: पाने, नळ धरायचे चिमटे, नळ वर ओढायची तीन पायांची तिकाटणी. पंपांचे सुटे भाग तेवढे संस्थेच्या आवारात, कुलुपात होते. आठवड्याभरात तेही वाटायचे होते.

तेवढ्यात पत्र आलं. मदत देणाऱ्या देशानं हात आखडता घेतला होता. काम तत्काळ बंद, सगळं सामान गोदामात जमा, बाहेरून आलेल्या माणसांनी शनिवारच्या विमानानं परतायचं; रणवीरनं तेवढं हिशेब मिटवायला मागं राहायचं.

रणवीरनं पत्र वाचून दाखवलं. त्याचा चेहरा उतरला होता. "मौसीजी, बायकांकडून पेट्या परत मागून घ्या. तुमचं ऐकतील त्या."

"म्हणूनच मी मागणार नाही," जमुनाबाई म्हणाल्या.

"ऊपर से ऑर्डर है."

"ऑर्डर तुम्हाला आलीय, भिया. चोवीस घरं आहेत. दारोदार जा आणि सांगा, तुमच्या हातातला पाना काढून घ्यायला आलोय. मी तुमच्याबरोबर येणार नाही."

रणवीर गेला नाही. पण गोदामाचं कुलूपही त्यानं उघडलं नाही.

दवाखान्यापाशी असलेला पंप पंधरा दिवस कोरडा होता. आत कॉलऱ्याचे रुग्ण, आणि त्यांच्यासाठी पाणी तासाभराच्या वाटेवरून डोक्यावर यायचं. बिघाड जमुनाबाईंना ठाऊक होता: खालच्या सिलिंडरमधला वॉशर झिजलेला. वाटीएवढी वस्तू. कुलुपाआड तिच्या पेट्याच्या पेट्या पडून होत्या.

मंगळवारी सकाळी त्या आचोलच्या अंगणात गेल्या. तिथं गाईचं कातडं वाळत होतं. जमुनाबाईंनी ते चिमटीत धरून पाहिलं आणि खळखळून हसल्या. रबरी वॉशर येण्याआधी नालछ्याला कातड्याचेच तर वापरायचे! त्यांनी एका मोडक्या सिलिंडरची कडी साचा म्हणून घेतली. कातडं भिजवलं, साच्यात दाबून बसवलं, वाळवलं, मग कोमट तिळाच्या तेलात मुरवलं. आचोल शेजारी बसून प्रत्येक गोष्ट पुन्हा करत होती. बघता बघता सात-आठ जणी जमल्या.

शनिवारी धावपट्टीवर विमान उतरलं. जमुनाबाईंची बॅग खोलीतच होती आणि त्या दवाखान्यापाशी तिकाटणीखाली उभ्या होत्या. विमान त्यांना न घेताच उडालं.

पहिला वॉशर जाड निघाला, आत बसेचना. दुसरा बसला, पण पाणी अर्ध्यातूनच परत जायचं. सगळे नळ पुन्हा वर काढायचे म्हणजे सहा जणींचा घाम. एकीनं वैतागून दोर सोडून दिला. आचोलनं तो उचलून तिच्या हातात पुन्हा दिला. सोमवारी तिसरा वॉशर बसवला. आचोलनं दांडा मारायला सुरुवात केली. वीस, तीस, चाळीस. मग नळातून आधी गढूळ गुळणी आली आणि मागून स्वच्छ धार. एका म्हाताऱ्या बाईनं त्या धारेखाली दोन्ही तळवे धरले, ते काढीचना.

रणवीर जीप घेऊन आला तेव्हा रांग लागली होती.

"मौसीजी, मला हे सगळं रिपोर्टमध्ये लिहावं लागेल."

"लिहा ना. माझं नाव नीट लिहा. जमुनाबाई साळुंके, धार. आणि हिचं पण लिहा, आचोल. वॉशर तिनं कापलाय."

पुढच्या शनिवारी मात्र जावंच लागलं. जाण्याआधी त्या दिवसांत त्यांनी साचे करून सहा गावांना दिले. बाकी सहा गावं राहिली. तिकडच्या रस्त्यावर लढाई सुरू झाली होती.

धारला परतून महिना झाला आणि संस्थेचा ईमेल आला. भाची वैभवी पीथमपूरच्या औषध कारखान्यात कामाला. शिफ्टवरून आली की आत्याची इंग्रजी पत्रं तीच वाचून दाखवायची. ईमेलात लिहिलं होतं: आत्यांनी आदेश मोडला, सामान परत केलं नाही, विमान सोडलं. 'माझी चूक झाली' असं लिहून सही केली तर पुढं कधी पुन्हा बोलावता येईल.

"कर सही, मोकळी हो," दत्ताजी म्हणाले. "कागदच तर आहे."

"चूक झालीच नाही, दादा. वैभवी, लिही. पाणी आलं. पुन्हा गेले तर पुन्हा हेच करीन."

"आत्या, 'सॉरी' तरी लिहू? हलकंसं?"

"नको."

वैभवीनं तसंच पाठवलं. वर तिनं स्वतःच्या मनानं एक ओळ घातली: 'सही मिळणार नाही.' जमुनाबाईंनी ती ओळ तिच्याकडून दोनदा वाचून घेतली.

पावसाळ्यात आचोलचा निरोप आला, शिक्षिकेच्या फोनवरून. पाच गावांत पाणी चालू आहे. सहाव्या गावाची वस्तीच उठली, माणसं कुठं गेली कुणाला माहीत नाही. आचोल आता लांबच्या गावांतही दुरुस्तीला जाते. त्यावर तिचं घर चालतं. थोरल्या मुलीला तिनं शाळेत घातलंय. त्या उठलेल्या गावातल्या, त्यांच्याकडे शिकलेल्या दोघी जणींची नावं जमुनाबाई अधूनमधून घेतात.

संस्थेकडून पुढं काही उत्तर आलं नाही. दत्ताजी शेजाऱ्यांना सांगतात, आमची जमुना हट्टी आहे. ते सांगताना त्यांचा आवाज थोडा चढतो, पण रागानं नाही.