चिमटा लावलेली पानं

विनीताताईच्या घरी कपडे वाळत घालायला चिमटे कधीच पुरत नाहीत. टॉवेल वाऱ्याने शेजाऱ्यांच्या गच्चीत जाऊन पडतात, आणि चिमटे असतात पुस्तकांना.

ताईचे यजमान लखनौला जानकीपुरमच्या औषध संशोधन केंद्रात लॅब टेक्निशियन आहेत. लग्न करून ती अकोल्याहून इथे आली. रविवारी बुद्धविहारात वंदना आटोपली की मोठी माणसं चहाकडे वळतात आणि ताई मुलांना घेऊन मागच्या खोलीत बसते. सुरुवातीला तिने मराठी बाराखडी शिकवायला घेतली होती. तेव्हा तिची स्वतःची दोन मुलं यायची, तीही मार खाऊन. मग अमीनाबादच्या एका जुन्या पुस्तकवाल्याकडे तिला मोठाल्या चित्रांची इंग्रजी पुस्तकं मिळाली. एकेका पुस्तकात एकेका चित्रकाराची जन्मापासूनची गोष्ट. ती मराठीतून सांगायला लागली आणि खोली भरली. मुलं उत्तरं हिंदीत देतात, पण ऐकतात मराठी. ताई म्हणते, तेवढंही पुष्कळ झालं.

मीही तिथे बसतो. मी चिखलीच्या नगरपरिषद शाळेत शिकलो. आमचे चित्रकलेचे सर आणि पीटीचे सर एकच होते, त्यामुळे मडकंसुद्धा आम्ही सावधानमध्ये काढलं. आता अमौसीला विमानतळावर लोकांच्या बॅगा चढवतो-उतरवतो. रविवारी सुटी असली की विहारात येतो ते वंदनेसाठी, असं आईला फोनवर सांगतो.

ताईचे दोन नियम. पहिला, गोष्ट अर्धीच सांगायची आणि अगदी अडलेल्या जागी पुस्तक मिटायचं, म्हणजे पुढच्या रविवारी मुलं झक मारत येतात. दुसरा, लहानांना सोसणार नाही असं चित्र दिसलं की त्या पानांना चिमटा लावून टाकायचा. एका चित्रकाराने स्वतःचा कान कापला होता, त्या पानाला लाल चिमटा आहे. मुलं त्या पुस्तकाला ‘लाल चिमटेवाली किताब’ म्हणतात आणि दर रविवारी तेच मागतात.

त्या रविवारी मोने नावाच्या चित्रकाराची गोष्ट होती; त्या पुस्तकालाही तीन चिमटे होते. मला आधी वाटलं पुण्याचे असतील, पण माणूस फ्रान्सचा निघाला. बागेत तळं खणलं, तळ्यात कमळं लावली, ती जन्मभर रंगवली. म्हातारपणी मोतीबिंदू झाला. वर्षानुवर्षं टाळून शेवटी ऑपरेशन केलं, पट्टी काढली, आणि त्याला सगळं निळं निळं दिसायला लागलं.

“आणि मग?” ताई म्हणाली, आणि पुस्तक मिटलं.

दुपारी तिला आशुतोषचा फोन आला. आशुतोष आमच्यातलाच, सरकारी नोकरीत आहे. त्याची आई, गयाबाई, वाशीमहून त्याच्याकडे राहायला आलेली. त्यांचा एक डोळा काचबिंदूने आधीच गेलाय. दुसऱ्यातला मोतीबिंदू जास्त पिकला होता. आणखी थांबलात तर डोळ्यातला दाब वाढून हाही जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी होतं. आणि आशुतोषची सहा वर्षांची मुलगी प्राची सकाळी मागच्या खोलीत, पहिल्या रांगेत बसली होती.

“ताई, आईने भरलेली पिशवी रिकामी केली,” आशुतोष म्हणाला. “जाणार नाही म्हणते. तुमच्या त्या चित्रकाराचं ऑपरेशन बिघडलं, असं प्राचीने सांगितलंय. आता तुम्हीच या आणि समजवा.”

ताईने पुस्तक घेतलं. बाईक माझी होती, म्हणून मीही गेलो. वाटेत तिने एकही स्पीडब्रेकर सांगितला नाही. एरवी ती मला प्रत्येक आधीच सांगते.

गयाबाई पलंगावर बसल्या होत्या. दाराआड प्राची उभी होती, रडून नाक लाल झालेलं.

“मैंने तो जितनी सुनी उतनी ही बताई,” ती ताईला म्हणाली. त्यात काही खोटं नव्हतं.

“आली का वं? बस,” गयाबाई म्हणाल्या.

“आजी, गोष्ट अर्धी राहिली होती. पुढची सांगायला आले.”

“मले मालूम हाय पुढची. मंग त्याले सारं चांगलं दिसते अन् तो फुलं काढते. लेकरांच्या पुस्तकात आणखी काय असन?”

शेवटच्या पानावर खरंच फुलं होती.

“अन् तू चिमटे कायले लावतं मंग?” गयाबाईंनी विचारलं. “प्राची सांगते मले. वाईट पान आलं का चिमटा. आंधळे झाले ते सारे चिमट्यातच असतीन ना?”

मुलांच्या भल्यासाठी लावलेला चिमटा असा उलटून आपल्यालाच चावेल, हे ताईच्या डोक्यात आलं नसणार. मग ती उठली, पुस्तक गयाबाईंच्या मांडीवर ठेवलं आणि त्यांचा हात धरून पानांच्या कडेवरच्या चिमट्यांवर नेला.

“तुम्हीच काढा. जे असेल ते सगळं वाचते. पण आजी, ही पानं मीसुद्धा वाचलेली नाहीत. चित्र बघूनच चिमटा लावला होता.”

“ताई, रहने दो यार,” आशुतोष म्हणाला. “आत काय असेल काय माहीत. उद्या सकाळी न्यायचंय तिला.”

“तू गप बस,” गयाबाई म्हणाल्या, आणि चाचपून पहिला चिमटा काढला.

ताई इंग्रजी ओळीवर बोट ठेवून, अडखळत मराठी करत होती. ऑपरेशननंतर न हलता पडून राहायचं होतं. मोने चिडले. डोळ्यावरची पट्टी ओढून काढायला गेले.

“पुढं?”

दुसरा चिमटा. सगळं निळं दिसतंय म्हणून त्यांनी आपलीच चित्रं फाडली. डॉक्टरांना नाही नाही ते लिहून पाठवलं.

आशुतोषने माझ्याकडे असं पाहिलं, जणू ती चित्रं मीच फाडली होती.

“पुढं?”

तिसरा चिमटा काढला. ताईचं बोट ओळीवर थांबलं. तिने ती ओळ मनात एकदा वाचली, मग पुन्हा. मला वाटलं आता ही काहीतरी गोड बनवून सांगणार, आणि खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं.

“त्याच डोळ्याचं परत ऑपरेशन करावं लागलं,” ताई म्हणाली.

गयाबाईंनी पुस्तकावरचा हात काढला नाही.

“अन् मंग?”

“मग रंगीत काचेचा चष्मा दिला. तोही आधी आवडला नाही. कुरकुर करत करत नजर बसली. परत तळं रंगवायला लागले. दुसऱ्या डोळ्याला मात्र कुणाला हात लावू दिला नाही.”

“मले तर एकच हाय.” गयाबाई म्हणाल्या. “ऑपरेशनाच्या पहिले कसं करे तो? दिसत नव्हतं तं?”

“रंग ठरलेल्या जागी ठेवायचे. जागेवरून ओळखायचे.”

“मसाल्याच्या डब्यावानी.”

“हो, तसंच.”

“आजीने कल चाय में नमक डाला था,” दाराआडून प्राची म्हणाली.

“जागा तूच बदलली व्हती, भवाने,” गयाबाई म्हणाल्या. मग आशुतोषकडे तोंड वळवून, “पिशवी भर. अन् ही विनीता बी संगं येईन. बिघडलं तं शिव्या कोणाले देऊ?”

सोमवारी ऑपरेशन झालं. मंगळवारी पट्टी काढायची होती. ताई दवाखान्यात भिंतीला टेकून उभी होती आणि पर्समधला एक चिमटा उघडमीट करत होती. नर्सने दोनदा तिच्याकडे पाहिलं. मी बोलायला गेलो तर म्हणाली, “बिघडलं तर रविवार बंद. मीच बंद करीन.” ती थट्टा करत नव्हती.

डॉक्टरांनी पट्टी सोडली. गयाबाईंनी डोळा उघडला, मिटला, परत उघडला. समोरच्या भिंतीकडे पाहिलं.

“निळं दिसते,” त्या म्हणाल्या.

चिमट्याचा आवाज थांबला. आशुतोषने पलंगाची कड धरली.

“ही भिंत कोणत्या रंगाची हाय?” गयाबाईंनी विचारलं.

“पांढरी, आई.”

“मले निळसर दिसते.” त्यांनी खिडकीकडे मान वळवली. “अन् ऊन पांढरं दिसते. मले वाटे लखनौचं ऊनच पिवळं असते.”

आशुतोषने ते डॉक्टरांना हिंदीत सांगितलं. डॉक्टर टॉर्च खिशात ठेवत म्हणाले, “पीला तो आँख का जाला था, अम्माजी. वो निकल गया. नीलेपन की आदत हो जाएगी थोड़े दिनों में.”

“राहू द्या. निळ्याचं आपल्याले वावडं नाई.” मग त्यांना भिंतीजवळची ताई दिसली. “विनीता हायेस का तू? येवढुशी? आवाजावरून जाड वाटं.”

ताईला हसू आलं की रडू, ते मला ठरवता आलं नाही. तिने तोंड भिंतीकडे केलं होतं.

पुढच्या रविवारी गयाबाई काळा चष्मा लावून मागच्या खोलीत आल्या आणि भिंतीशी बसल्या. ताईने मोनेंची उरलेली गोष्ट फाडलेल्या चित्रांसकट सांगितली. एकही मूल रडलं नाही. एकाने विचारलं, डॉक्टरला काय काय लिहिलं होतं. ताई म्हणाली, ते पुस्तकात नाही. पोरांची फार निराशा झाली.

मग नेहमीची मागणी आली, लाल चिमटेवाली किताब.

ताईने ते पुस्तक मांडीवर घेतलं. चिमट्यावर बोट ठेवलं, आणि तिथेच ठेवून बसली. प्राची सरकत सरकत आजीला जाऊन चिकटली.

“पुढं?” मागून गयाबाई म्हणाल्या.