तिसऱ्या दिवशी उठले ते

पोट कापलेल्या बाईनं उठायचं नसतं, असं मला सासूनं सांगितलं, नर्सनं सांगितलं, शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या भावानंही सांगितलं. त्याला कोणी विचारलं होतं? तरी मी उठले. कशी उठले ते सांगते, कारण आता दवाखान्यात दुसऱ्याच दिवशी पेशंटला चालवतात आणि घरचे लोक अजूनही डॉक्टरांशी भांडतात. परवा आमच्याच घरातले भांडले.

दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती ती. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात, आणि मोठ्या कापाकापीला लोक नागपूरचं नाव घ्यायचे. आमचा मळा वलगावला. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर. मी पंचविशीची, दोन लेकरांची आई. एका सकाळी मेथी खुडता खुडता पोटात असा पीळ बसला, की वाफ्यातच आडवी झाले. सासूनं एरंडेल पाजलं, बेंबी चोळली. दुसऱ्या दिवशी पोट नगाऱ्यासारखं फुगलं आणि उलटीत हिरवं पाणी पडायला लागलं. तेव्हा सासऱ्यांनी भाजीची बैलबंडी रिकामी केली, तीत कडबा अंथरला आणि मला अमरावतीला नेलं.

तिथं एका दवाखान्यात नवा सर्जन आला होता. पुण्याकडचा, तरुण, बोलणं मऊ. त्यानं माझं पोट उघडलं, पिळून काळं पडलेलं वीतभर आतडं कापून टाकलं आणि राहिलेली टोकं एकमेकांना शिवली. शुद्धीवर आले तर घसा नुसता वाळवंट. पण पाणी नाही. ओठांना ओला कापूस लावायचा, बस. पाणी केव्हा मिळणार? डॉक्टर म्हणाले, वारा सरला की. आतडं जागं झाल्याची तीच खूण.

आता तुम्हीच सांगा. वॉर्डाच्या दाराशी सासरे बसलेले, मी कपाळापर्यंत पदर ओढलेला, आणि हा माणूस सगळ्यांदेखत विचारतो, "काय बाई, वारा सरला का?" सासरे खाकरत उठून बाहेर जायचे. मी भिंतीकडे तोंड करायची. उत्तर सासू द्यायची, "होईन सायेब, होईन. आपल्या सवडीनं होईन." सुनेची अब्रू झाकायची म्हणून ती बोलायची, आणि खरं काय ते डॉक्टरला कळायचंच नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पोटावर नळी ठेवून बराच वेळ ऐकलं. हसले नाहीत. "आतडं अजून झोपलंय," म्हणाले. "संध्याकाळपर्यंत हललं नाही तर मला पुन्हा पोट उघडावं लागेल. यांना उठवा, चालवा. परदेशातले डॉक्टर आता असंच करायला लागलेत. पडून राहिलं की छाती भरते, आतडं सुस्तावतं."

एवढं बोलून ते पुढच्या वॉर्डात गेले. पुन्हा उघडणार! आमच्या आळीतला एक माणूस असा दोनदा कापला गेला होता. बाजेवरून घरी आला आणि बाजेवरूनच गेला. माझी धाकटी तेव्हा अंगावर पीत होती.

नर्सनं मान हलवली. वॉर्डाची रीत होती, तीन आठवडे पाठीवर. "साहेब नवीन आहेत," ती हळूच म्हणाली. आणि सासू तर खाटेला आडवीच उभी राहिली.

"टाके उसवतीन! पोट काय गोधडी हाय, फाटली का शिवली?"

"आत्याबाई, मी उठून राह्यली."

"पडून राय गुमान. बाळंतिणीवानी जपून राह्यली मी तुले."

"बाळंतिणीवानी?" मला हसू आलं, आणि हसताच टाके असे ओढले गेले की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. "बाळंतपणात बाराव्या दिवशी मले वांग्यात उभी केली तुमी. तवा नाई फाटलं पोट?"

"तवा म्या पोट बांधलं होतं तुह्यं!"

"मंग आता काहून नाई बांधत?"

पोट बांधावं तर सासूनंच. वलगावात कुठं बाळंतीण असली की तिला बोलावणं यायचं. ओटीपोटापासून वर वेढे घेत नेणार, ना सैल ना काच. तिनं माझ्याकडे रागानं पाहिलं, पिशवीतून धुतलेलं जुनं लुगडं काढलं आणि दातानं टर्रकन फाडलं.

"अहो बाई, बँडेज आहे तिथं!" नर्स ओरडली.

"असू दे वं. हे मले शिकवू नको."

बँडेजवरून तिनं असा पट्टा आवळला, की माझं पोट परत माझं झालं. मी पाय खाली सोडले. फरशी गार. पहिल्या पावलाला वाटलं, आतून कोणी खुरपं फिरवतंय.

"मरन ना ही बाई," शेजारणीचा भाऊ म्हणाला.

"मेली तं तुमच्या दारात येणार नाई. बसा," मी म्हणाले.

खाटेपासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून खाटेपर्यंत. सासूच्या खांद्याला धरून, तिच्या शिव्या ऐकत. दुपारी दोनदा. उन्हं कलली तेव्हा आणखी एकदा, आणि त्या वेळी खिडकीशी पोटात गुरगुरलं. सासू थबकली. मीही. मग जे व्हायचं ते झालं, एकदा सोडून दोनदा, आणि सासूनं भर वॉर्डात वर पाहून हात जोडले.

संध्याकाळी डॉक्टर आले. मागोमाग एक माणूस स्ट्रेचर घेऊन. सासरे रोजच्यासारखे खाकरत उठले. सासूनं "होईन सायेब" म्हणायला तोंड उघडलं, इतकी सवय झालेली तिला! मी पाहिलं, आज लाजले तर ते स्ट्रेचर माझ्यासाठीच आहे.

"मामाजी, थांबा," मी म्हणाले. सासऱ्यांशी मी तोवर कधी थेट बोलले नव्हते. पदर मागं सारला. "सरला, डॉक्टरसाहेब. दोन डाव सरला. आत्याबाईले इचारा."

डॉक्टरांनी नळी लावली, ऐकलं, आणि हातानंच स्ट्रेचरवाल्याला परत पाठवलं. सासरे दारात आमच्याकडे पाठ करून उभे होते. तसेच, न वळता म्हणाले,

"मंग पाणी द्या ना तिले."